मॅग्नेट सुटत नाही, टेप सुटते : गाडीत फोन होल्डर बसवताना

मॅग्नेटचा होल्डर घ्यायला गेलं की दुकानदार त्याला फोन लावतो, उलटा धरून झटकतो आणि म्हणतो, "बघा, पडतोय का?" पडत नाहीच. गाडीत मात्र मे महिन्याच्या दुपारी फोन होल्डरसकट खाली आलेला असतो, कारण सुटलेली असते ती बुडाची टेप. म्हणून होल्डर बसवताना मी मॅग्नेटवर थोडा आणि जागेवर, साफसफाईवर जास्त वेळ घालवतो.

आधी जागा. ड्रायव्हिंग सीट नेहमीच्या ठिकाणी आणून, बेल्ट लावून बसायचं आणि मग हात पुढे करून बघायचं. पाठ सीटला टेकलेली असताना डावा हात जिथे सहज पोचतो, तिथेच होल्डर. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे ही जागा बहुतेक गाड्यांत मधल्या स्क्रीनच्या आसपास येते. फोनची वरची कड काचेच्या खालच्या कडेपेक्षा वर येऊ देत नाही. उंची कमी असलेल्या माणसाला बॉनेटपुढचं दिसणं तसंही अवघड असतं, त्यात सहा इंचांचा फोन मध्ये आला तर स्पीडब्रेकर दिसायचाच नाही.

डाव्या बाजूला डॅशबोर्डवर एअरबॅगची अक्षरं असतात, तो सगळा पट्टा सोडायचा. ती पिशवी फुगताना झाकण उचकटून बाहेर येते. त्यावर चिकटवलेला होल्डर तिच्या जोराने थेट शेजारच्याच्या तोंडावर जाईल. काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवरही काही लावायचं नाही, पडदा एअरबॅग असलेल्या गाडीत ती छताच्या कडेतून या खांबांपाशीच उलगडते. स्टिअरिंगच्या मधोमध चिकटवणारे महाभाग आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

आणखी एक बघायचं: फोन पडलाच, तर कुठे जाईल? स्टिअरिंगच्या उजवीकडे किंवा बरोबर मागे लावलेला फोन पायाशी जातो आणि ब्रेकच्या पेडलखाली अडकू शकतो. मधल्या भागाच्या डावीकडे असेल तर गिअरपाशी किंवा शेजारच्या सीटखाली जाईल. पडला तर वाकायचं नाही. गाडी कडेला घ्यायची, मग शोधायचा.

आता एसीच्या जाळीवर की डॅशबोर्डवर? जाळीवरच्या होल्डरचा उन्हाळ्यात फायदा आहे, थंड हवा थेट फोनच्या पाठीवर येते. पण जाळीच्या पट्ट्या पातळ असतात. फोन आणि कव्हर मिळून २३० ग्रॅमच्या आसपास, त्यात होल्डरचं वजन, आणि खड्ड्यात हा भार क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो. नुसत्या स्प्रिंगच्या चिमट्याचा होल्डर आधी घसरतो, मग पट्टी वाकडी करतो. पट्टीच्या मागे हूक जाऊन स्क्रूने आवळला जातो तो प्रकार घ्या, आणि खाली टेकायला पाय असलेला. तो पाय नसेल तर वजनाने पट्ट्या खाली मान टाकतात. गोल जाळीवर हे काहीच नीट बसत नाही, तिथे डॅशबोर्डच बरा.

मॅग्नेटच्या खोक्यावर 'एक किलो पेलतो' असं छापलेलं असलं तरी तो आकडा चुंबक लोखंडाच्या जाड पाट्यापासून सरळ मागे ओढताना लागणाऱ्या जोराचा असतो. गाडीत फोन उभा लटकतो. तिथे त्याला घसरू न देणारं असतं ते घर्षण, आणि गुळगुळीत पृष्ठभागावर ते एक किलोचं साधारण दोन-तीनशे ग्रॅमवर येतं. म्हणजे फोन उभा असतानाच काठावर पास. म्हणून तोंडाला रबराचं किंवा सिलिकॉनचं आवरण असलेला होल्डर घ्यावा आणि फोन थोडा मागे रेललेला ठेवावा. खाली छोटी कड असेल तर सोन्याहून पिवळं.

मी तपासतो ते सामान तोलायच्या हुकवाल्या काट्याने. फोनला दोरीचा फास घालायचा, काटा अडकवायचा आणि हळूहळू खाली ओढायचं. एक किलोच्या आधीच फोन सरकू लागला, तर तो होल्डर शहरातल्या सपाट रस्त्यापुरता. वरंध किंवा कसाऱ्याच्या घाटात मी तो नेणार नाही. हा माझा हिशेब आहे, कुठल्या नियमाचा नाही.

चुंबकाने धरावं म्हणून फोनला लोखंडाची पत्री लावतात, तीही तितकीच महत्त्वाची. कव्हरच्या आत सरकवलेली कागदासारखी पातळ पत्री लवकर 'भरते', म्हणजे चुंबक कितीही जोरदार असला तरी ती जास्त ओढ घेत नाही. त्यात मध्ये दोन-तीन मिलिमीटरचं जाड कव्हर आलं की उरलेली पकडही जाते. पत्री कव्हरच्या बाहेरून लावली तर दिसायला वाईट, पण धरते चांगली. वायरलेस चार्जिंगचा फोन असेल तर पाठीच्या मधोमध पत्री लावायचीच नाही. तिथे चार्जिंगचं वेटोळं असतं. वर पत्री ठेवून चार्जिंगला लावलं तर चार्ज होत नाही आणि पत्री तापते. फोन मशीनला टेकवून (एनएफसीने) पैसे देत असाल, तर तो अँटेनाही झाकला जाणार नाही हे बघा.

आयफोन १२ पासून (२०२०) बहुतेक आयफोनच्या पाठीत चुंबकांचं कडंच येतं आणि २०२३ साली जाहीर झालेलं वायरलेस चार्जिंगचं क्यूआय-२ हे मानक त्याच धर्तीवर आहे. अशा फोनला पत्री नको, पण कव्हर मात्र चुंबकाचं कडं असलेलंच हवं. साध्या कव्हरवरून तो होल्डरला चिकटल्यासारखा वाटतो आणि पहिल्याच खड्ड्यात निसटतो.

चुंबकाने फोन बिघडतो का? फोनमधली मेमरी हार्ड डिस्कसारखी चुंबकीय नसते, त्यामुळे फोटो आणि नंबर पुसले जात नाहीत. होकायंत्र मात्र भरकटतं. गाडी चालू लागली की नकाशा दिशा जीपीएसवरून काढतो, त्यामुळे प्रवासात फरक पडत नाही. निघताना किंवा सिग्नलला उभं असताना बाण गरगर फिरतो. बाणाचं न ऐकता थोडं पुढे जायचं, तो सरळ होतो. दुसरा प्रश्न कॅमेऱ्याचा. हलतं भिंग असलेल्या कॅमेऱ्यांत जागेचं भान चुंबकीय सेन्सरने ठेवलं जातं, म्हणून पत्री कॅमेऱ्यापासून दूर, फोनच्या खालच्या अर्ध्यात लावतो. बाईकवर मात्र हे होल्डर नकोतच. मोठ्या इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्याची ही यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिलेला आहे.

घरात कुणाला पेसमेकर असेल तर होल्डरपेक्षा चुंबकाचं कडं असलेल्या फोनकडे लक्ष द्या. तो शर्टाच्या खिशात, थेट छातीवर नको. ॲपलने अशा फोनसाठी सांगितलेलं अंतर १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त, वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० पेक्षा जास्त. काळी चुंबकीय पट्टी असलेली जुनी कार्डंही होल्डरजवळच्या खणात टाकू नयेत.

आता चिकटवणं. डॅशबोर्डला पॉलिश मारलेलं असेल तर त्यातल्या सिलिकॉनवर कुठलीच टेप धरत नाही, आणि सर्व्हिसिंगहून आलेल्या गाडीला ते हमखास मारलेलं असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन स्वच्छ कापडाने पुसायचं, कापड बदलून पुन्हा पुसायचं, बोट फिरवल्यावर चरचर लागेपर्यंत. हॅन्ड सॅनिटायझर चालत नाही, बऱ्याच सॅनिटायझरांत ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर मागे राहतो. दाणेदार प्लॅस्टिकवर टेप फक्त दाण्यांच्या टोकांना चिकटते, म्हणून त्यातल्या त्यात गुळगुळीत जागा शोधायची. मऊ, चामड्यासारख्या डॅशबोर्डवर चिकटवूच नका. काढताना साल निघेल.

थंडीच्या सकाळी हे काम करायचं नाही, २१ अंशांच्या वर बरं. करायचंच असेल तर हेअर ड्रायरने जागा आणि टेप कोमट करून घ्यायची. टेपवर बोट लावायचं नाही. एकदा टेकवली की उचलून सरळ करायला जायचं नाही. अर्धा मिनिट अंगठ्याने जोरात दाबायचं, आणि मग धीर धरायचा. चांगली ॲक्रिलिक फोम टेप पूर्ण पकडायला ७२ तास घेते, निदान पहिले २४ तास फोन लावायचा नाही. होल्डरचा हात काढता येत असेल तर तोही काढून ठेवायचा. तासाभरात फोन टांगणाऱ्यांचाच होल्डर पुढच्या आठवड्यात खाली असतो.

उन्हाची गोष्ट वेगळी. नागपूर-अकोल्याकडे बंद गाडीत मे महिन्यात डॅशबोर्ड ७० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. साध्या निओडायमियम चुंबकाची मर्यादा ८० अंश, त्यामुळे तो तग धरतो, पण स्वस्त फोम टेप त्याआधीच लिबलिबीत होते. गाडी उभी करताना फोन काढून न्यायचा आणि काचेला पडदा लावायचा. दुपारच्या प्रवासात मी वायरलेस चार्जिंग बंद ठेवून केबल लावतो. वायरलेसची वाया जाणारी वीज फोन तापवते, त्यात नकाशा आणि ऊन. मग फोन चार्जिंग थांबवतो, स्क्रीन अंधूक करतो आणि नेमका घाटात नकाशा दिसेनासा होतो.

होल्डर आहे म्हणून फोन हाताळायची मुभा मिळत नाही. २०२० च्या नियमानुसार गाडी चालवताना फोन वापरता येतो तो फक्त रस्ता बघण्यासाठी, तोही लक्ष विचलित न होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते वर्षभराचा तुरुंगवास किंवा दोन्ही आहे. पत्ता निघण्याआधीच घालायचा.

काढायची वेळ आली तर ओढू नका. हेअर ड्रायरने कड गरम करा, दात साफ करायचा दोरा टेपच्या मागून करवतीसारखा फिरवा आणि उरलेला गोंद अंगठ्याने चोळून गोळा करा. पेट्रोल किंवा थिनर लावू नका, प्लॅस्टिकचा रंग उडतो.