कोकोपीट आपलं, खारटपणा कुणाचा?

"तुमच्या इंडियाचं कोकोपीट खारट असतं." घरमालक आजोबांनी मागच्या महिन्यात हे मला तोंडावर सांगितलं. चांगल्या स्वभावाचे आहेत, मनात काही ठेवून बोलले नव्हते. तरी मला लागलं. हवा, राजकारण, क्रिकेट यांवर कुणी काही बोललं तर मी सोडून देते, पण कोकोपीट, म्हणजे कुंडीत मातीऐवजी भरतात तो नारळाच्या सोडणाचा भुसा, हा विषय माझा आहे. कृषीची पदवी घेऊन मी या देशात आले आणि इथे दिवसभर एका कार्यालयात बिलं तपासते. माझ्या पदवीची चौकशी इथे एकाच माणसाने केली, ती याच आजोबांनी, आणि तीही गांजाच्या झाडासाठी.

हो, गांजाच. दचकू नका. मी व्हँकुव्हरच्या एका उपनगरात तळघरात भाड्याने राहते, वर आजी-आजोबा, आणि गॅरेजच्या मागच्या खोलीत कोकोपीटच्या कुंड्यांत चार झाडं. 17 ऑक्टोबर 2018 पासून कॅनडात हे कायदेशीर आहे. घरटी चार झाडं लावता येतात, प्रांतागणिक नियम थोडे बदलतात, क्यूबेकमध्ये घरी लावायला बंदी आहे. आमच्या ब्रिटिश कोलंबियात चालतं, मुख्य अट ही की झाड रस्त्यावरून दिसता कामा नये. घर भाड्याचं असेल तर मालक नाही म्हणू शकतो. इथे मालकच लावतोय, तेव्हा तो प्रश्न मिटला. मी राहायला आले तेव्हा त्यांनी किल्ल्या, कचऱ्याचे वार आणि गांजाची खोली एका दमात दाखवली होती. आपल्याकडे अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम 20 मध्ये याच लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे, त्यामुळे पुढचं वाचून कुणी गच्चीवर प्रयोग करू नये.

आणि मी ओढत नाही. आई, हे वाक्य तुझ्यासाठी.

तर झाडं. गेल्या महिन्यात आजोबांनी हाक मारली तेव्हा मधल्या पानांवर गंजासारखे बारीक तपकिरी ठिपके आले होते, नवी पानं कडेने चुरगळलेली होती आणि खालच्या पानांत शिरा हिरव्या, पण शिरांमधला भाग पिवळा. दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात बसलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला यात दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या असत्या. मॅग्नेशियम झाडाच्या आत हलतं. कमी पडलं की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. कॅल्शियम एकदा जिथे बसलं तिथून हलत नाही, म्हणून त्याची टंचाई नव्या वाढीवर दिसते. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) मॅग्नेशियमच्या बाजूचे, लोह आणि बोरॉन कॅल्शियमच्या. पान झाडावर कुठे आहे हे आधी बघायचं, रंग नंतर. हे एवढं कळलं तरी निम्मं निदान झालं.

पण इथे निदान करतंय कोण! मला सगळ्यात जास्त चीड याची आहे. आजोबांच्या फळीवर एका बाजूला कॅलमॅगची, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमची, बाटली, तिच्या शेजारी फुलोऱ्याची, मुळांची, "शेवटच्या आठवड्यांची", सामू (पीएच) वर न्यायची, सामू खाली आणायची, आणि एकीवर तर काय आहे ते लिहिलेलंच नव्हतं, नुसता ढगांचा फोटो. पान पिवळं पडलं की एक बाटली, ठिपका आला की दुसरी. दुकानदार झाड न बघता फोटोवरून तिसरी देतो. फुलोरा वाढवणाऱ्या बहुतेक बाटल्यांत मुख्यतः स्फुरद आणि पालाश असतं. पालाश वाढलं की मुळं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कमी उचलतात. म्हणजे या बाटलीने त्या बाटलीची गरज निर्माण होते. सामू वर नेणाऱ्या द्रावणातही बहुधा पालाशच असतं, पोटॅशियमचं हायड्रॉक्साइड किंवा कार्बोनेट. एवढी माहिती लेबलावर बारीक अक्षरांत छापलेली असते, पण लेबल वाचायचं सोडून लोक ढग बघतात. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रवाला टॉनिक गळ्यात मारतो हे मला माहीत आहे, मी त्याचीही बाजू घेत नाही. पण आपल्या द्राक्षवाल्याला ते टॉनिक घेताना निदान मनात शंका असते. तो देठ परीक्षण करून घेतो, अहवाल हातात घेतो आणि मग बोलतो. इथे ज्या झाडावर एवढा पैसा आणि माया ओततात, त्याच्या पानाचं परीक्षण करावं हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. (एवढं बोलून घेतल्यावर हेही सांगायला हवं की आजोबांकडे सामूमोजणी यंत्र होतं, ईसीचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं, यंत्र होतं आणि सामूच्या यंत्राच्या तपासणीची द्रावणंही होती, 4 ची आणि 7 ची. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती नेहमी संपलेलीच असायची.)

आता खारटपणाचं. आजोबांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धंच जास्त झोंबतं. नारळाच्या सोडणात पोटॅशियम मुळातच भरपूर असतं, आणि किनाऱ्यालगत सोडणं खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात कुजवली तर सोडियमही शिरतं. पण खरा खेळ मीठ धुतल्यावर सुरू होतो. कोकोपीटच्या कणांना ऋण भार असतो, त्यांना सोडियम आणि पोटॅशियम चिकटून बसतात, आणि ते साध्या पाण्याने निघत नाहीत. खतातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आलं की कण ते धरून ठेवतात आणि बदल्यात पोटॅशियम, सोडियम सोडतात. म्हणजे पहिले काही आठवडे आपण झाडाला घातलेलं कॅल्शियम कोकोपीटच खातं. यावर उपाय जुना आहे. कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात, ईसी दीड ते दोनच्या दरम्यान ठेवून, कोकोपीट रात्रभर भिजवायचं, निथळायचं, मग हलकं धुवायचं. बफर केलेलं कोकोपीट म्हणून जे महाग विकतात ते हेच. तमिळनाडूतल्या पोल्लाचीच्या पट्ट्यातून जगभर जाणाऱ्या कोकोपीटच्या दाबलेल्या विटांमध्ये धुतलेलं, न धुतलेलं आणि बफर केलेलं असे सगळे प्रकार असतात, गिऱ्हाईक जे मागेल ते. आजोबांनी सगळ्यात स्वस्त वीट घेतली, नळाच्या पाण्यात फुगवली आणि दोष देशाला दिला.

आणि नळाचं पाणी कसलं! व्हँकुव्हरचं पाणी कॅपिलानो, सीमोर आणि कोक्विटलम या तीन जलाशयांतून येतं, पाऊस आणि वितळलेला बर्फ. पिऊन बघाल तर बाटलीतल्या पाण्याला नाव ठेवाल. पहिल्यांदा प्यायले तेव्हा मी घरी फोन करून सांगितलं होतं. बादलीला पांढरा थर नाही, गिझरमध्ये क्षार बसत नाहीत. पण त्याच कारणाने त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जवळजवळ नाहीच. टोरांटोचं पाणी ओंटारिओ सरोवराचं, बऱ्यापैकी जड, तिथे तीच वीट आणि तेच खत असलं तरी झाडाला नळातूनच थोडं कॅल्शियम मिळतं. आपल्या बोअरच्या पाण्याला आपण इतकी नावं ठेवतो, त्या पाण्यात ही झाडं कदाचित कमी कुरकुरली असती. हे मी आजोबांना ऐकवलं. ते म्हणाले, "मग सोडियमचं काय?" गप्प बसावं लागलं, कारण आपल्या बऱ्याच बोअरना तेही असतं.

वाद बाजूला ठेवून कुंडीखाली ताटली लावली. कोकोपीटमध्ये पानाइतकंच महत्त्व निचऱ्याच्या पाण्याला आहे. आत जाणाऱ्या द्रावणाचा ईसी 1.4, खालून येणाऱ्याचा 3.2. आजोबा मातीच्या सवयीने वरचा थर सुकला की पाणी देत होते आणि खालून थेंब पडायच्या आत थांबत होते. कोकोपीटमध्ये हे उलटं पडतं. ते सुकलं की आतलं द्रावण घट्ट होतं, मुळांशी क्षार साचतात, त्यातला मोठा हिस्सा पोटॅशियम, आणि मग कुंडीत सगळं असूनही झाड उपाशी. पानाकडे बघून "अजून खत हवं" असं वाटतं ते इथेच. टोकं तपकिरी करपलेली दिसत असतील तर खत वाढवायचं नाही, आधी मोजायचं. पानं काळपट हिरवी आणि टोकं पंजासारखी खाली वळलेली असतील तर नत्र जास्त आहे. कोवळी पानं देठाच्या बाजूने पिवळी पडत असतील तर लोह, आणि तेव्हा लोह विकत आणण्याआधी सामू बघायचा, तो बहुधा साडेसहाच्या वर गेलेला असतो. कोकोपीटला 5.8 ते 6.2 मानवतो.

मग धुणं. साध्या पाण्याने नाही, हे मला आजोबांना बऱ्याचदा सांगावं लागलं. नुसतं मृदू पाणी ओतलं तर उरलंसुरलं कॅल्शियमही निघून जातं. सामू 5.9 ला आणलेलं हलकं खतद्रावण कुंडीतून वाहू दिलं, खालचा ईसी वरच्याच्या जवळ येईपर्यंत. त्यानंतर ढगाची बाटली बंद, फुलोऱ्याची अर्ध्यावर, आणि कॅल्शियम नायट्रेट व मॅग्नेशियम सल्फेट सुट्या पिशव्यांतून. दोन्ही घट्ट द्रावणात एकत्र करायची नाहीत, खाली जिप्समचा गाळ बसतो. ठिबकवाल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, त्याच्या दोन टाक्या वेगळ्या असतात. आजोबांनी ते वहीत लिहून घेतलं आणि अधोरेखित केलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पाणी आता रोज, दर वेळी दिलेल्यातलं दहा ते वीस टक्के खालून निघेल इतकं.

एक गोष्ट मात्र खतात नव्हतीच. इथे शरद ऋतूत पाऊस लागला की गॅरेजची हवा ओलसर होते, आणि आजोबा आवाज नको म्हणून पंखा बंद ठेवत होते. कॅल्शियम पानापर्यंत जातं ते बाष्पोत्सर्जनाच्या ओढीने. पान बाष्प सोडत नसेल तर मुळाशी कितीही कॅल्शियम असलं तरी शेंड्याला पोचत नाही. शिवाय एलईडी दिव्याखाली पान जुन्या सोडियम दिव्याइतकं तापत नाही, त्यामुळे ओढ आणखी कमी. पंखा सुरू केला, दार थोडं उघडं ठेवलं. आजींची तक्रार सुरू झाली की वास वर येतो. तो नवरा-बायकोचा प्रश्न, मी त्यात पडले नाही.

भिंग घेऊन पानाखाली बघितलं तेही सांगते, कारण लोक हेच विसरतात. पानावर फिकट बारीक टिकल्या आणि खाली जाळी असेल तर कोळी कीड. चंदेरी ओरखडे आणि काळे ठिपके असतील तर फुलकिडे. दोन्ही लांबून कमतरतेसारखे दिसतात आणि त्यावर कॅलमॅग ओतणारे मी पाहिलेत. इथे काही सापडलं नाही.

दहाएक दिवसांनी आजोबा नाराज होऊन खाली आले, ठिपके तसेच आहेत म्हणून. ते तसेच राहणार. मेलेला भाग परत हिरवा होत नाही, बघायचं ते नवीन पान, आणि नवीन पानं स्वच्छ होती, कडा सरळ. हे दाखवल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले की पुढच्या वेळी वीट आणली की भिजवायचं काम तूच कर. माफी मागितली नाही, पण शेजारच्यांना माझी ओळख आता "आमची कृषितज्ज्ञ" अशी करून देतात. घरचे विचारतात, शिकलेलं तिथे उपयोगी पडतं का. मी हो म्हणते. कुठे ते सांगत नाही. खरं तर लाजण्यासारखं काय आहे, झाड ते झाड, टोमॅटो असता तरी मी हेच केलं असतं. कमी लोकांनी विचारलं असतं, इतकंच.

सध्या वाद वेगळाच आहे. फुलोरा शेवटाला आलाय आणि खालची मोठी पानं एकसारखी फिकट पिवळी पडताहेत, ठिपके नाहीत, शिराही पिवळ्या. झाड नत्र वर नेतंय, या वयात ते नेणारच. आजोबांना मात्र ते बघवत नाही, त्यांनी नत्राची बाटली आणून ठेवली आहे. मी ती माझ्याकडे मागितली, टोमॅटोला लागेल म्हणून. अजून दिलेली नाही.