चालू कॅम्पेन 2024 च्या नियमांवर न्यायची का? आधी घड्याळ लावा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून टेबलावर कथा रंगवायच्या खेळाचे 2014 चे नियम बदलले: नवं प्लेअर्स हँडबुक सप्टेंबर 2024 मध्ये आलं, डंजन मास्टर्स गाइड (डंजन मास्टर ऊर्फ डीएम म्हणजे कथा आणि शत्रू चालवणारा) नोव्हेंबरमध्ये आणि मॉन्स्टर मॅन्युअल फेब्रुवारी 2025 मध्ये. तेव्हापासून ग्रुपाग्रुपांत क्लासांवरून, म्हणजे कॅरॅक्टरच्या प्रकारांवरून, एकच वाद चालू आहे: मंक किती भारी झाला, पॅलाडिनवर अन्याय झाला का, नवा फायटर घ्यावा का. या वादातून निर्णय निघत नाही, कारण प्रत्येक जण आपापल्या कॅरॅक्टरचं वकीलपत्र घेऊन बसलेला असतो.

माझ्या मते मुंबईतल्या टेबलाने एकच गोष्ट मोजावी. एका खेळाडूची टर्न (पाळी) संपली की त्याचीच पुढची टर्न यायला, म्हणजे एक राउंड फिरायला, किती मिनिटं लागतात? आपल्याकडे एक जण विरारहून येतो, एक डोंबिवलीहून, एक पनवेलहून. रविवारी कुठल्या ना कुठल्या मार्गावर मेगाब्लॉक असतोच. चारचं सेशन पावणेपाचला सुरू होतं, मध्ये चहा होतो आणि साडेआठ वाजले की लांबच्यांचं लक्ष घड्याळाकडे जातं. हातात साडेतीन तास उरतात. त्यातले दोन तास एकाच मारामारीत गेले तर कथा पुढे सरकत नाही, आणि महिन्याभरात कॅम्पेनच (सेशनांमागून सेशनं चालणारी कथा) बंद पडते. नवे नियम काही ठिकाणी हा वेळ वाढवतात, काही ठिकाणी भरपूर वाचवतात. तुमच्या पार्टीत कोण कोण आहे त्यावर हिशेब ठरतो.

वेळ वाढवणारी मुख्य गोष्ट म्हणजे वेपन मास्टरी, शस्त्रागणिक मिळणारा खास परिणाम. पाचव्या लेव्हलच्या फायटरकडे चार शस्त्रांची मास्टरी असते, बार्बेरियनकडे तीन, पॅलाडिन, रेंजर आणि रोगकडे दोन-दोन. लाँगस्वर्डचा सॅप (शत्रूच्या पुढच्या हल्ल्याला डिसअॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फाशांतला लहान आकडा), रेपियरचा व्हेक्स (त्याच शत्रूवर आपल्या पुढच्या हल्ल्याला अॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फाशांतला मोठा आकडा) आणि ग्रेटस्वर्डचा ग्रेझ (हल्ला चुकला तरी थोडं डॅमेज) यांना जास्तीचा सेव्ह (परिणाम टाळायला समोरच्यासाठी टाकायचा फासा) लागत नाही. टॉपलला लागतो. मॉल, बॅटलअॅक्स किंवा क्वार्टरस्टाफ लागला की समोरच्याला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, आणि तो हुकला की समोरचा आडवा. ताकद 18 असलेल्या पाचव्या लेव्हलच्या फायटरचा डीसी (सेव्हमध्ये गाठायचा आकडा) 8 अधिक ताकदीचे 4 अधिक प्रावीण्याचे 3, म्हणजे 15. एका टर्नमध्ये दोन हल्ले, अॅक्शन सर्ज (जादा कृती) वापरला तर चार. प्रत्येक फटक्यामागे "थांबा, सेव्ह टाकतो" झालं की टेबल खोळंबतं.

यावर दोन उपाय हमखास चालतात. पहिला, फटका लागला असं कळताच खेळाडूने डॅमेजचे फासे टाकायचे आणि डीएमने त्याच वेळी सेव्ह टाकायचा, एकमेकांसाठी थांबायचं नाही. दुसरा उपाय पाण्याच्या बाटल्यांच्या झाकणाखाली जे प्लॅस्टिकचं कडं राहतं त्याचा. ते कात्रीने न कापता झाकणासकट ओढून काढायचं. सॅपला निळं, व्हेक्सला पांढरं, असे रंग ठरवून कडं थेट मिनिएचरच्या (पटावरच्या बाहुलीच्या) गळ्यात घालायचं आणि परिणाम संपला की काढायचं. "याच्यावर सॅप होता का?" हा प्रश्नच उरत नाही. प्रत्येक शस्त्राचं एक कार्ड करा: शस्त्राचं नाव, टू-हिट (हल्ल्याच्या फाशात मिळवायचा आकडा), डॅमेज, मास्टरीची एक ओळ आणि टॉपल असेल तर डीसी आधीच मांडून ठेवलेला. ए-फोर कागदावर आठ कार्डं बसतात. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घ्या, नाहीतर पावसाळ्यात बॅगेतून येता-जाता लगदा होतो.

आता वाचणारा वेळ. जनावरं बोलावणारा जुना स्पेल (मंत्र) कॉन्ज्युअर अॅनिमल्स आठवा. आठ लांडगे बोलावले की पॅक टॅक्टिक्समुळे (कळपाने लढायच्या खुबीमुळे) प्रत्येकाला अॅडव्हान्टेज, म्हणजे त्या एका ड्रुइडच्या टर्नमध्ये सोळा वीसबाजू फासे. शिवाय शत्रू पाडायला प्रत्येक फटक्यामागे सेव्ह. नव्या नियमांत हाच स्पेल म्हणजे एक फिरता कळप आहे. त्याच्या जवळ जो येईल त्याने डेक्स्टेरिटी (चपळाई) सेव्ह टाकायचा, हुकला तर 3d10 (तीन दहाबाजू फासे) डॅमेज. तुमच्या पार्टीत बोलावणारा ड्रुइड किंवा रेंजर असेल तर एवढ्या एका बदलासाठीही नवीन नियम घ्यावेत, असं मी ठामपणे म्हणेन. ग्रेट वेपन मास्टर आणि शार्पशूटर या फीटचं (फीट म्हणजे निवडून घ्यायचं जादा कौशल्य) "हल्ल्यात उणे पाच घेऊन डॅमेजला अधिक दहा" गेलं. त्यापायी दर हल्ल्याआधी चालणारी आकडेमोडही संपली. मॉन्स्टरच्या पानावर इनिशिएटिव्ह (टर्नचा क्रम ठरवणारा आकडा) छापलेला आहे, आणि लांडग्यासारख्या बऱ्याच जनावरांनी चावल्यावर माणूस सेव्हशिवाय पडतो. दमणुकीचा तक्ता पाठ करायची गरज नाही: दर पातळीला सगळ्या d20 (वीसबाजू) रोलवर उणे 2 आणि वेगात 5 फूट घट, सहाव्या पातळीला मृत्यू.

डीएमची सर्वात मोठी चूक मारामारी आखताना होते, म्हणून इथे आकडे नीट पाहा. तिसऱ्या लेव्हलचे चार खेळाडू, समोर अर्ध्या चॅलेंज रेटिंगचे (ताकदीच्या दर्जाचे) सहा शत्रू, प्रत्येकी 100 एक्सपी (अनुभवाचे गुण). 2014 च्या पद्धतीत बेरीज 600, सहा शत्रूंसाठी गुणक दोन, म्हणजे 1200. चौघांसाठी 900 पासून 'हार्ड' सुरू होतं आणि 1600 ला 'डेडली', तेव्हा ही लढत हार्ड. 2024 मध्ये गुणक काढून टाकलाय. बेरीज 600 आणि चौघांचं 'लो' बजेट दरडोई 150 प्रमाणे 600. तीच लढत आता सगळ्यात हलकी! जुन्या अॅडव्हेंचरच्या लढती नव्या कॅरॅक्टरना सपक लागतात त्याचं एक कारण हे.

दुसरं कारण उपचार. क्युअर वूंड्स 1d8 वरून 2d8 झाला, हीलिंग वर्ड 1d4 वरून 2d4. मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) 3 असेल तर क्युअर वूंड्सची सरासरी साडेसातवरून 12 वर जाते. पोशन (औषधाची कुपी) आता बोनस अॅक्शनमध्ये, म्हणजे टर्नमधल्या छोट्या जादा कृतीत, पिता येतं आणि लाँग रेस्टनंतर (रात्रीच्या विश्रांतीनंतर) सगळे हिट डाइस (जखमा भरायचे फासे) परत मिळतात. सरप्राइजही (बेसावध गाठणं) मवाळ झालंय: पहिली टर्न बुडत नाही, फक्त इनिशिएटिव्हला डिसअॅडव्हान्टेज. दबा धरून हल्ला करण्यावर उभी असलेली जुनी लढत नव्या नियमांत फुसकी ठरते. अशा वेळी शत्रूंची संख्या वाढवू नका, त्याने टर्न लांबतात आणि मूळ हेतूच फसतो. त्याच नावाच्या मॉन्स्टरचं नवं पान वापरा. तेवढ्याने भागलं नाही तर एक शत्रू काढून त्याच्या जागी वरच्या रेटिंगचा ठेवा.

कॅरॅक्टर बदलताना लोक स्पेलपासून सुरुवात करतात. खरा घोळ मूळ आकड्यांत असतो. नव्या नियमांत अॅबिलिटीतली (ताकद, चपळाई वगैरे सहा मूळ गुणांतली) वाढ स्पीशीजकडून (ह्यूमन, ड्वार्फ वगैरे) येत नाही, बॅकग्राउंडकडून (कॅरॅक्टरच्या पूर्वायुष्याकडून) येते: एकीत 2 आणि दुसरीत 1, किंवा तीन अॅबिलिटींत 1-1. जुना बॅकग्राउंड ठेवला तर ही वाढ खेळाडूने हवी तिथे घ्यायची, शिवाय एक ओरिजिन फीट (सुरुवातीलाच मिळणारं फीट) निवडायचं. त्याआधी जुन्या स्पीशीजची वाढ वजा करायला विसरू नका. साध्या ह्यूमनला पूर्वी सहाही अॅबिलिटींत 1-1 मिळत होता, माउंटन ड्वार्फला दोन ठिकाणी 2. दोघांचीही बेरीज कमी होते आणि ते आयत्या वेळी कळलं की कुरबुर होते. हे बदल सेशनच्या दिवशी टेबलावर करू नका, प्रत्येकाशी आदल्या आठवड्यात फोनवर बसून करा.

नंतर सबक्लास, म्हणजे क्लासची निवडायची शाखा. सगळ्यांना तो आता तिसऱ्या लेव्हलला मिळतो. जुना सबक्लास पहिल्या किंवा दुसऱ्या लेव्हलला काही देत असेल, तर ते तिसऱ्याला द्यायचं. पाचव्या लेव्हलच्या पार्टीला याने फरक पडत नाही. मग फीट, मग स्पेल. सॉर्सररला इथे चांगला फायदा आहे: पाचव्या लेव्हलला पूर्वी सहा स्पेल होते, आता नऊ.

दोघांशी मात्र आधी स्पष्ट बोला. पॅलाडिनचा डिव्हाइन स्माइट (फटक्यावर जादा डॅमेज) आता स्पेल आहे: बोनस अॅक्शन लागते, त्यामुळे टर्नला एकदाच, आणि आवाज बंद करणाऱ्या सायलेन्स स्पेलमध्ये तो चालत नाही. जनावराचं रूप घेणाऱ्या मून ड्रुइडला पूर्वी अस्वलाचे 34 हिट पॉइंट (किती मार सोसेल त्याचा आकडा) वेगळे मिळायचे. आता स्वतःचेच राहतात आणि वर लेव्हलच्या तिप्पट टेम्पररी (तात्पुरते) हिट पॉइंट, म्हणजे पाचव्या लेव्हलला 15. या दोन खेळाडूंना पर्याय न देता नियम बदलले तर ते खेळ सोडतील, आणि त्यांचं चुकणार नाही. क्लास बदलायची एक संधी त्यांना द्याच.

एका टेबलावर दोन आवृत्त्या चालवायच्या का? जुना सबक्लास नव्या क्लासवर ठेवायला हरकत नाही. पण एक खेळाडू 2014 चा फायटर आणि दुसरा 2024 चा बार्बेरियन, हे टाळा. एकाकडे मास्टरी आणि दुसऱ्याकडे नाही, हे तिसऱ्याच राउंडला बोचायला लागतं. स्पेल सगळ्यांचे एकाच पुस्तकातले, हा नियम लेखी ठेवा.

पुस्तकं घ्यायच्या आधी चाचणी फुकट करता येते. एसआरडी 5.2 (मूळ नियमांचा मोफत दस्तऐवज) क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली एप्रिल 2025 मध्ये खुला झाला. त्यात बाराही क्लास आहेत, प्रत्येकी एक सबक्लास, चार बॅकग्राउंड, मॉन्स्टर, शिवाय लढतीचं एक्सपी बजेटही. साडेतीनशेहून जास्त पानं आहेत, सगळी छापू नका. आपापल्या क्लासची पानं आणि नियमांची शब्दसूची एवढी पुरते. चाचणीला कॅम्पेनमधली एखादी जुनी, सगळ्यांना आठवणारी लढत घ्या. फोनवर स्टॉपवॉच लावून दर राउंडची वेळ लिहा. पहिले दोन राउंड नवखेपणात जातात, ते मोजू नका. चार खेळाडूंच्या टेबलाचा तिसऱ्यापासूनचा राउंड दहा मिनिटांत बसत असेल तर नवे नियम तुम्हाला झेपतील. पंधराच्या वर जात असेल तर टॉपलवाली शस्त्रं कोणाकोणाकडे आहेत ते बघा. बहुतेकदा दोषी तिथेच सापडतो. एकाला मॉल सोडून ग्रेटस्वर्ड द्या आणि पुन्हा मोजा.

पैशांचं थोडक्यात: तीन पुस्तकांची छापील किंमत प्रत्येकी 49.99 डॉलर आहे, म्हणजे तिन्ही मिळून दीडशे डॉलरच्या घरात. सगळी एकदम घेऊ नका. डीएमने आधी मॉन्स्टर मॅन्युअल घ्यावं, वर्गणी काढून टेबलासाठी एक हँडबुक, आणि गाइड सावकाश, कारण त्यातलं रोज लागणारं बरंच एसआरडीत आहे.

कॅम्पेनचा शेवट दिसायला लागला असेल, खलनायक समोर असेल, तर 2014 वरच संपवा. शेवटच्या लढतीत कोणालाही नवीन कॅरॅक्टर शीट वाचत बसायला लावू नये. पाचवी-सहावी लेव्हल असेल आणि अर्ध्याहून जास्त कथा बाकी असेल तर बदला, पण दोन सेशनांमध्ये खरी फट असताना. गणपतीत तसंही कोणी रिकामा नसतो. विसर्जनानंतरच्या रविवारी नवीन शीट घेऊन बसायचं, आणि नवी लढत त्या दिवशी एकच ठेवायची.