एप्रिलातलं आयफेल आणि गार टायरांची सिव्हिक टाइप आर

जर्मनीतल्या वसंताची गंमत अशी की ऊन दिसतं, पण ऊब नसते. एप्रिलच्या मध्यावर कोलोनमध्ये सकाळी दहा अंश असले, तर तासाभरावरच्या आयफेलच्या डोंगरात चार-पाचच असतात. होहे आख्ट हा आयफेलचा सर्वांत उंच माथा ७४७ मीटरचा, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्या निम्म्याहून थोडाच उंच. पण इथे अक्षांश ५० आहे, आणि झाडांच्या सावलीतला रस्ता दुपारपर्यंत ओला राहतो. एप्रिल मनाला येईल तसं करतो अशी जर्मन म्हणच आहे.

अशा सकाळी होंडा सिव्हिक टाइप आर, एफएल५ पिढीची, घेऊन निघायचं तर ३२९ पीएस ताकद आणि ४२० एनएम टॉर्क हे आकडे जरा बाजूला ठेवा. ट्रॅक डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या गाडीत टायर, तेल, ब्रेक पॅड सगळं तापल्यावर चांगलं चालावं म्हणून निवडलेलं असतं. ते तापेपर्यंत तुमच्या हातात एक साधी, थोडी कडक, १४२९ किलोची हॅचबॅक असते आणि तिला तसंच वागवावं लागतं.

गार हवा इंजिनाला मात्र मनापासून आवडते. पाच अंशांची हवा तीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के घन असते. टर्बो इंजिनात बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला दाब, संगणकच ठरवतो, त्यामुळे ताकद तेवढ्या टक्क्यांनी वाढते असं नाही. पण टर्बोतून आलेली हवा थंड करणारा इंटरकूलर तापून गाडी मंदावण्याचा प्रकार जवळपास होत नाही. आयफेलमधल्याच नूर्बुर्गरिंग या रेसट्रॅकच्या नॉर्डश्लाइफ या लांब फेरीवर याच गाडीने ७ मिनिटं ४४.८८१ सेकंदांची फेरी मारली ती २४ मार्च २०२३ ला. तिच्या आधीची रेनॉ मेगान आर.एस. ट्रॉफी-आर ७ मिनिटं ४५.३८९ सेकंदांत गेली होती, ५ एप्रिल २०१९ ला. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचे हे दोन्ही विक्रम वसंतातले, २०.८३२ किलोमीटरच्या फेरीत अर्ध्या सेकंदाचा फरक. टायर तापवणारा कसबी चालक असला तर हाच ऋतू सर्वांत वेगवान ठरतो. पुण्यात एप्रिलमध्ये ताम्हिणीला निघालेल्या गोल्फ जीटीआयवाल्याची चिंता याच्या बरोबर उलटी, गाडी तापण्याची.

आता टायर. मूळचे मिशलिन पायलट स्पोर्ट ४एस, २६५/३०, १९ इंची. उन्हाळी टायरांचं रबर साधारण सात अंशांखाली कडक व्हायला लागतं. ग्रिप एकदम जात नाही, पण आधी कळवून जाण्याची तिची सवय जाते. ट्रॅकसाठी पायलट स्पोर्ट कप २ सारखे सेमी-स्लिक चढवले असतील तर हे सगळं आणखी तीव्र, वर ओल्यात पाणी फेकायला चरे कमी. माझं मत विचाराल तर मेच्या आधी आयफेलमध्ये रस्त्यावर सेमी-स्लिक हा हट्ट आहे. रात्री बर्फ पडून रस्त्यावर राहिलं असेल तर प्रश्नच मिटतो. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर उन्हाळी टायर कायद्यानेच चालत नाहीत. गाडी गॅरेजात राहू द्यावी.

टायरमधली हवा घरून निघण्याआधी तपासायची, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, आणि दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर दिलेला आकडा प्रमाण मानायचा. २.४ बारच्या आसपास हवा असेल तर तापमानाच्या दर दहा अंशांना साधारण ०.१२ बारचा फरक पडतो. पंधरा अंशांच्या गॅरेजात बरोबर भरलेली हवा बाहेर चार अंशांत कमी दिसते, आणि मग स्क्रीनवर टायरची खूण पेटली की लोक पंक्चर शोधत बसतात. गॅरेजात मोजत असाल तर बाहेर दहा अंश गार असेल त्या दिवशी ०.१ बार जास्त भरा. गाडी अंगणात उभी असेल तर ऊन लागलेल्या बाजूचे टायर जास्त हवा दाखवतात. तो आकडा खरा मानून हवा सोडली की गाडी एका बाजूला ओढायला लागते आणि बिचाऱ्या अलाइनमेंटवर आळ येतो.

हिवाळी चाकं काढून उन्हाळी चढवताना हबवरची चाक बसायची जागा तारेच्या ब्रशने साफ करा. मिठाच्या रस्त्यांमुळे तिथे गंजाचा थर चढतो, चाक सपाट बसत नाही, आणि शंभराच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग दोनदा करूनही थरथर गेली नाही तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. महिनोन्‌महिने एका जागी उभ्या गाडीच्या टायरांना चपटे डाग पडतात. सुरुवातीच्या काही किलोमीटरांत येणारा धडधड आवाज त्यांचा, बहुधा टायर गरम झाल्यावर जातो.

आता मुद्द्याचं. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पुढचे टायर सगळं करतात: ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा मोठा भारही घेतात. त्यामुळे ते लवकर तापतात. मागचे टायर मात्र नुसते फिरत मागे येतात. दहा-पंधरा किलोमीटरनंतर स्टिअरिंगमध्ये छान वजन येतं, पुढचं टोक चावून धरतं, आणि हातांना वाटतं की झाली गाडी तयार. मागे अजून गारच असतं. अशा वेळी वळणात शिरल्यावर वेग जास्त वाटला म्हणून पाय एकदम उचलला, की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीचं बूड बाहेर निघतं. कोरड्या उन्हाळी दुपारी हीच हालचाल गाडी मजेशीर वळवून देते. चार अंशांच्या ओलसर सावलीत ती कुंपणापर्यंत नेते. उपाय साधा आहे. वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर कमी करा. वळणात हलकासा थ्रॉटल कायम ठेवा. पाय उचलायचाच झाला तर हळू उचला. नागमोडी चालवून टायर तापवायचा प्रकार रस्त्यावर हास्यास्पदही आहे आणि निरुपयोगीही. टायर तापतात ते ब्रेक आणि ओढीच्या ताणाने, आणि मागचे टायर तापायला लागतो नुसता वेळ.

वळणातून बाहेर पडतानाची गोष्ट वेगळी. टाइप आरमध्ये हेलिकल लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल आहे, क्लच प्लेटांचं नाही. कमी पकड असलेलं चाक जितका टॉर्क पेलू शकतं, त्याच्या काही पट टॉर्क हे दुसऱ्या चाकाकडे पाठवतं. कोरड्यात हे जादूसारखं वाटतं, गाडी आतल्या कडेला ओढली जाते. पण आतलं चाक ट्रॅक्टरने आणलेल्या चिखलावर किंवा ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर आलं की पकड शून्याजवळ जाते, आणि शून्याची कितीही पट केली तरी शून्यच. मग इलेक्ट्रॉनिक्स ब्रेक लावून सावरू पाहतं, गाडी अडखळते आणि चालकाला वाटतं इंजिनात बिघाड आहे. ४२० एनएम २२०० आरपीएमपासून हजर असतो, तेव्हा हेअरपिन सोडली तर बाकी वळणांना दुसऱ्याऐवजी तिसरा गिअर टाका. स्टिअरिंग सरळ होत जाईल तसतसा थ्रॉटल वाढवा. पुढच्या सस्पेन्शनच्या ड्युअल-अ‍ॅक्सिस स्ट्रटमुळे स्टिअरिंग हातातून हिसकलं जाण्याचं प्रमाण खूपच कमी झालंय, त्यामुळे चूक हातांना उशिरा कळते हेही लक्षात असू द्या.

तेलाचा काटा पाहायची सवय लावून घ्या. कूलंट नव्वदला पटकन पोचतं. तेल त्याच्या बरंच मागे असतं. होंडाच्या लॉगआर स्क्रीनवर तेलाचं तापमान वेगळं दिसतं. ते ऐंशीच्या वर जाईपर्यंत ३००० ते ३५०० आरपीएमच्या पुढे जाऊ नका आणि टर्बोला पूर्ण बूस्ट मागू नका. गार सकाळी यात पंधरा मिनिटं सहज जातात. जागेवर उभं राहून इंजिन गरम करत बसू नका. त्याने तेल नीट तापत नाही, गिअरबॉक्स तर अजिबात नाही, आणि जर्मनीत विनाकारण इंजिन चालू ठेवणं नियमात बसत नाही. गिअरबॉक्सच्या तेलाचा काटाच नसतो. पहिल्या काही किलोमीटरांत दुसरा गिअर आढेवेढे घेत पडतो, कारण घट्ट तेलाचा थर गिअरांचा वेग जुळवणाऱ्या सिंक्रोच्या कड्याला पकडू देत नाही. दांडा दाबून घुसवू नका, न्यूट्रलवर क्षणभर थांबून टाका. तोच गिअर गरम झाल्यावर जो टक्‌ पडतो, त्यासाठी ही गाडी घ्यावी. पूर्ण गरम झाल्यावरही अडत असेल तर मात्र तेल बदलायची वेळ आली.

ब्रेकसाठी पुढे ३५० मिलिमीटरच्या डिस्क आणि ब्रेम्बोचे चार पिस्टनचे कॅलिपर. रात्रभर ओल्यात उभी राहिली तर डिस्कवर तांबूस थर येतो, दोन-तीन ब्रेकांत तो निघतो. मागे कोणी नसताना मुद्दाम ते करून घ्या. मूळ पॅड गारव्यातही बऱ्यापैकी धरतात. ट्रॅकचे पॅड टाकले असतील तर पहिल्या ब्रेकला पाय दाबूनही गाडी थांबत नाही असं वाटेल, वर किंचाळतील, आणि तापण्याच्या पातळीखाली चालले की डिस्कही खरवडतील. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ दर्जाच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश, पाणी शिरल्यावर १५५, डॉट ५.१ चे आकडे २६० आणि १८०. हिवाळ्याआधी बदललेलं चालेल, दोन वर्षं जुनं असेल तर रिंगवर जाण्याआधी बदला. रस्त्यावर कदाचित कधी कळणार नाही. रिंगवरच्या लांब उतारानंतर पेडल जमिनीला टेकलं की कळेल.

ड्रायव्हिंग मोडचं सांगायचं तर सर्वांत कडक असलेला प्लस आर रस्त्यावर विसरा. आयफेलचे छोटे रस्ते हिवाळ्याने उखडलेले असतात आणि कडक डॅम्परवर चाक उड्या मारतं. उडतं चाक ना पकड देतं, ना तापतं. इंडिव्हिज्युअल या आपल्या पसंतीने जुळवायच्या मोडमध्ये सस्पेन्शन कम्फर्ट, इंजिन आणि स्टिअरिंग स्पोर्ट, आणि गिअर उतरवताना इंजिनाचा वेग आपोआप जुळवणारं रेव्ह-मॅचिंग चालू. टायरची बाजूची भिंत जेमतेम आठ सेंटिमीटरची आहे, खड्डा दिसला तर चुकवा. रिम वाकण्याचा हंगाम हाच.

वाट म्हणाल तर बी२५८. आखेनहून मोनशाउ, श्लायडन, ब्लांकेनहाइम करत नूर्बुर्गरिंगच्या कडेने मायेनकडे जाणारा हा रस्ता. मोनशाउजवळ पेर्लेनबाख आणि फुर्ट्सबाखच्या खोऱ्यांत एप्रिलमध्ये रानटी डॅफोडिल फुलतात, कुरणंच्या कुरणं पिवळी. तिथे पायीच जायचं, आणि टायर तापायला लागणारा वेळ या टप्प्यावर खर्च होतो म्हणून आखेनहून निघणं सोयीचं. फुलांपाशी तासभर थांबलात तर टायर पुन्हा गार, हेही विसरू नका. गावाबाहेर मर्यादा बहुतेक ठिकाणी १००, आणि टाइप आर दुसऱ्या गिअरच्या शेवटाला तिथे पोचते. म्हणून मजा वेगात शोधायची नाही, ब्रेक कुठे सोडला आणि वळण किती सलग घेतलं यात शोधायची. कडेला हिवाळ्यात टाकलेली खडी उरलेली असते, मोटारसायकलवाले हंगामातली पहिली फेरी मारत असतात, संध्याकाळी हरणं उतरतात. गावांतून एक्झॉस्ट गरजवत फिरणं इथे दंडाला पात्र आहे आणि या भागातले लोक त्याला खरोखर विटलेत.

नॉर्डश्लाइफवर सार्वजनिक फेरी मारायचा मोह झालाच, तर आधी विम्याची कागदपत्रं वाचा. बऱ्याच पॉलिसी रिंगवरचं नुकसान वगळतात आणि कठडा मोडला तर त्याचं बिल तुम्हाला येतं. तिथे वाहतुकीचे नियम लागू असतात, ओव्हरटेक डावीकडूनच, वेळ मोजायला मनाई. ब्राइटशाइडचा तळ आणि होहे आख्टजवळचा माथा यांत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे, त्यामुळे एकीकडे कोरडं आणि दुसरीकडे पाऊस हे नेहमीचंच. पहिली फेरी पूर्णपणे तापवण्यासाठी द्या. दोन फेऱ्यांनी हवा वाढते आणि लोक ती सोडून देतात. रिंगवर बरोबर आहे, पण दुसऱ्या दिवशी गार टायरांत ती धोकादायकरीत्या कमी भरते. छोटा पंप डिकीत ठेवा.

शेवटचे पाच-सात किलोमीटर हळू चालवा, टर्बो आणि ब्रेक त्यात निवतात. मग गाडी गिअरमध्ये उभी करा. तापलेल्या मागच्या डिस्कवर हँडब्रेक दाबून ठेवला तर पॅडचा ठसा उमटतो आणि नंतर ब्रेक लावताना धडधड येते. उतारावर उभी करावी लागली तर चाकाखाली दगड लावा, निघताना तो काढायला विसरू नका.