शहर सोडत का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझी फुफ्फुसं बदललीत हे कळलं की लोक आधी कौतुक करतात आणि लगेच विचारतात, "मग या धुरात राहताच कशाला? कुठेतरी डोंगरात जा ना!"

प्रश्न रास्तच आहे. बदललेलं मूत्रपिंड किंवा हृदय शरीराच्या आत बंदिस्त राहतं. फुफ्फुसात मात्र प्रत्येक श्वासाला बाहेरची हवा शिरते. शस्त्रक्रियेत त्याच्या नसा कापल्या जातात, म्हणून आत काही गेलं तरी खोकल्याची उबळ हवी तशी येत नाही. शिवाय रिजेक्शन होऊ नये, म्हणजे शरीराने नवं फुफ्फुस परकं समजून नाकारू नये, म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड ही औषधं घेऊन प्रतिकारशक्ती आपणच दाबून ठेवलेली. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या डॉक्टरांना २०११ साली दिसलं, की मोठ्या रस्त्यालगत राहणाऱ्या, फुफ्फुस बदललेल्या रुग्णांत दीर्घकालीन रिजेक्शनही जास्त होतं आणि मृत्यूही.

पण डोंगरात माझ्या रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी कोण बघणार? त्यासाठी सकाळच्या गोळीआधी रक्त द्यावं लागतं. बुरशीच्या संसर्गावरचं व्होरिकोनाझोल हे औषध सुरू झालं तर हीच पातळी झपाट्याने चढते आणि डोस लगेच उतरवावा लागतो. ताप आला तर ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे नळीतून फुफ्फुसाची आतून तपासणी करणारी डॉक्टरांची टीम जवळ हवी. आणि लाकडाचा धूर, कुजलेला पालापाचोळा, त्यातली ॲस्परजिलस बुरशी हे सगळं शहराबाहेरच जास्त भेटतं! म्हणून शहर तेच ठेवलं, घर तेवढं हमरस्त्यापासून लांब घेतलं.

बाकीचं तुम्हाला माहीत असेलच. बाहेर एन-९५, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. साधा सर्जिकल मास्क सूक्ष्म कणांना पुरत नाही. झोपायच्या खोलीत हवेतले बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर, पण ओझोन सोडणारं यंत्र चुकूनही नाही. पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली २४ तासांची पातळी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे. आकडा त्याच्या कितीतरी वर गेला की माझं चालणं घरातल्या घरात.

मला खरी धास्ती आहे ती एका वाक्याची: "हवाच खराब आहे, सगळेच खोकतायत." रिजेक्शन असो की संसर्ग, सुरुवात अशीच होते, थोडा दम आणि थोडा खोकला. म्हणून रोज स्पायरोमीटरमध्ये फुंकून पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते लिहून ठेवते. माझ्या नेहमीच्या आकड्यापेक्षा १० टक्के कमी आलं की टीमला फोन, मग बाहेर कितीही धुरकं असो. ही घट २० टक्क्यांवर जाऊन तिथेच टिकली, तर गेलेली क्षमता बहुधा परत मिळत नाही. दोष हवेचा निघालाच तर उत्तम, पण ते टीमने तपासून सांगायचं. खिडकीतून बाहेर बघून मी ठरवायचं नाही, आणि शेजाऱ्यांनी तर नाहीच नाही.