अंभोऱ्याचा चैतन्येश्वर, नागपूरहून अर्ध्या दिवसात

मागच्या श्रावणात आईला घेऊन सोमवारी अंभोऱ्याला, चैतन्येश्वर महादेवाच्या दर्शनाला गेलो होतो आणि दोन तास रांगेत गेले, तिचे गुडघे आठवडाभर सुजलेले, म्हणून यंदा मुद्दाम बुधवार धरला. पहिली गोष्ट हीच सांगतो, घरातलं म्हातारं माणूस सोबत असेल तर श्रावण सोमवार आणि महाशिवरात्र सोडून जा, दर्शन निवांत होतं.

सकाळी साडेपाचला दिघोरी नाक्यावरून निघालो, उमरेड रोडनं पाचगाव, मग डावीकडे वळून कुही, वेलतूर आणि अंभोरा. सत्तरेक किलोमीटर आहे पण कुहीनंतर ढोरं आणि रोवणीचे ट्रॅक्टर रस्त्यावरच असतात, त्यामुळे पावणेदोन तास धरा, पेट्रोल उमरेड रोडवरच भरून घ्या.

देवळाच्या टेकडीखाली बेलाची पानं घेऊन एक मावशी बसल्या होत्या. आईनं दहाचा पुडा मागितला तर मावशींनी एकेक पान उजेडात धरून पाहिलं, ज्याला भोक होतं किंवा तीनपैकी एक दल तुटलं होतं ते बाजूला टाकलं आणि म्हणाल्या, "महादेवाले तुटकं नाही चालत जी." मी आयुष्यभर बेल वाहतोय पण इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं.

गाभाऱ्यात सकाळी साडेसातच्या सुमारास आम्ही चौघंच होतो. पिंडीवर पाणी घातलं, पान घसरत खाली आलं, आईनं उचलून परत ठेवलं, कोणी घाई केली नाही.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. लोक हल्ली नदीवरच्या नवीन पुलासाठी येतात, रील काढतात आणि मंदिराला खालूनच हात जोडून निघून जातात. असं करू नका रे. मराठीतला आद्यग्रंथ मानतात तो मुकुंदराजांचा विवेकसिंधु, शके 1110 म्हणजे 1188 चा, ज्ञानेश्वरीच्या शंभरेक वर्षं आधीचा, तो इथेच वैनगंगेच्या काठावर लिहिला गेला असं आपल्या विदर्भात मानतात. अंबाजोगाईचाही तितकाच जुना दावा आहे, समाधी तिकडे आहे, अभ्यासकांचा वाद चालू राहील. पण मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतल्या हरिनाथांची समाधी इथे दाखवतात, तिथे पाच मिनिटं बसा आणि पोरांना हे सांगा, शाळेत कोणी सांगत नाही.

वरून नदी बघायची म्हणजे वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा, कोलारी अशा पाच नद्यांचा संगम, पण गोसीखुर्द धरणाचं बॅकवॉटर इथवर पसरल्यामुळे आता कुठली नदी कुठून आली ते डोळ्यांना कळत नाही, सगळा एकच पसारा दिसतो. भंडाऱ्याकडचे एक आजोबा भेटले, म्हणाले, "आम्ही डोंग्यात बसून यायचो, पुरात दर्शन बंद." पाणी खोल आहे, पाय धुवायलाही अनोळखी जागी उतरू नका, लहान पोरांचा हात सोडू नका.

पूल मात्र खरंच बघण्यासारखा, केबलवर तोललेला, 700 मीटरच्या वर लांब, जानेवारी 2024 मध्ये सुरू झाला. पुलावर गाडी थांबवून फोटो काढू नका, मागून ट्रक येतात, कडेला लावून चालत जा.

खायचं म्हणाल तर चहा-आलुपोहे मिळाले, बाकी डबा घरचाच न्या. इथली मासोळी आणि झिंगे प्रसिद्ध आहेत पण श्रावण पाळणाऱ्यांनी आधीच ठरवून जा. पाण्याची बाटली हवीच, आणि दहानंतर पायऱ्यांचा दगड इतका तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही, आईसाठी मी जुने मोजे नेले होते, त्याचा फार उपयोग झाला.

परतताना आल्या रस्त्यानं येऊ नका, पूल ओलांडून भंडाऱ्याला निघा आणि हायवेनं नागपूर गाठा, रस्ता चांगला आहे. आम्ही साडेबाराला घरी होतो, आई स्वतःच्या पायानं जिना चढली.