डोळे लाल नव्हते, तरी आत सूज होती

वर बघितलं की एकाचे दोन दिसायचे. वर बघताना डोळा ओढल्यासारखा दुखायचा आणि सकाळी पापण्या सुजलेल्या असायच्या. लाली मात्र अजिबात नाही. थायरॉइडचे रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येऊन काही महिने झाले होते, म्हणून मी निर्धास्त होते.

थायरॉइडशी निगडित डोळ्यांच्या आजारासाठी नेत्रतज्ज्ञांनी दुखणं, लाली, सूज अशी सात लक्षणं तपासून गुण दिले. तीन किंवा जास्त आले तर आजार सक्रिय, म्हणजे दाह चालू असलेला, धरतात. माझे दोनच. पण डबल दिसणं वाढत चाललेलं, म्हणून त्यांनी डोळ्यांच्या खोबणींचा एमआरआय सांगितला.

आदल्या दिवशीच मस्कारा, काजळ पूर्ण काढायला सांगितलं होतं; त्यात धातूचे कण असले तर नेमकी डोळ्यापाशीच प्रतिमा बिघडते. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हेही विचारलं. मशीनच्या आवाजाची भीती मला होतीच, पण खरं अवघड गेलं ते बुबुळं स्थिर ठेवणं. मिटलेल्या पापण्यांआडही ती फिरतात. एक भाग त्यामुळे पुन्हा काढावा लागला. शेवटी मनात समोर एक ठिपका धरला आणि त्याच्याकडेच बघत राहिले.

डॉक्टरांनी प्रतिमा समोर ठेवून समजावलं. ‘स्टर’ नावाच्या पद्धतीत चरबीची चमक दाबली जाते, त्यामुळे सुजेतलं पाणी पांढरं उठून दिसतं. जाड झालेला स्नायू चमकत असेल तर आत दाह चालू आहे. जाड असूनही काळसर असेल तर बहुधा तिथे व्रण धरून स्नायू आखडलाय. माझ्या डाव्या डोळ्याखालचा स्नायू तुलनेसाठी धरलेल्या कानशिलाच्या स्नायूपेक्षा कितीतरी पांढरा होता. या आजारात बहुतेकदा हाच आधी धरतो. दृष्टीची नस दबलेली नव्हती, हे ऐकल्यावर मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

डबल दिसण्यावर करायच्या तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेचा विषय तिथेच थांबला. दाह चालू असताना ती केली तर स्नायू पुन्हा बदलतो. त्याऐवजी शिरेतून स्टेरॉइड: सहा आठवडे दर आठवड्याला 500 मिलिग्रॅम, पुढचे सहा आठवडे 250. मध्ये मध्ये लिव्हर आणि साखरेची तपासणी. चष्म्याला दोन प्रतिमा एकत्र आणणारा तात्पुरता प्रिझम चिकटवला.

नंतरच्या एमआरआयमध्ये तो स्नायू बराच काळवंडला होता, जाडी थोडी उरली होती. समोर बघताना आता एकच दिसतं. वर बघताना अजून दोन दिसतात. सहा महिने हे असंच स्थिर राहिलं तर शस्त्रक्रियेचं बोलू, असं ठरलंय.