रक्ताचा एक ठिपका

उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत सोयरीक जुळवताना मुलाचा पगार विचारण्याआधी ‘पॅटर्न कोणता?’ असे विचारणारी घरे आता आढळतात. पॅटर्न म्हणजे सिकलसेलच्या, तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, रक्ततपासणीचा निकाल. एएस म्हणजे सिकलसेलचा वाहक, ज्याला एकाच पालकाकडून हे जनुक मिळाले, आणि एसएस म्हणजे रुग्ण, हे इथल्या आजीबाईंनाही पाठ झाले आहे. मी एएस आहे आणि माझा भाचा एसएस. त्यामुळे युगांडातील सिकलसेलविषयी वाचताना ते मला परक्यांचे दुखणे वाटले नाही.

वाहक व्यक्तीला मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन या शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखवले. ज्या प्रदेशात मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून होता, तिथे हे जनुक टिकून राहिले. एसएस बाळाला मात्र या संरक्षणाचा उपयोग नाही. त्याच्यावर मलेरियाचा घाला अधिक जबर पडतो. पांढरेफटक पडलेले, तापाने फणफणलेले मूल दगावले की नोंद मलेरियाची होते आणि मूळ आजार नोंदीत येतच नाही.

युगांडाने हा आजार मोजला तो हाताशी असलेल्या व्यवस्थेतूनच. एचआयव्हीबाधित मातांच्या बाळांच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे ठिपके कागदावर वाळवून, आरोग्य केंद्रांतून मोटरसायकलने पुढे पाठवून कंपालातील मध्यवर्ती प्रयोगशाळेत आधीपासूनच तपासले जात होते. २०१४-१५ मध्ये त्याच कागदांवर सिकलसेलचीही चाचणी करण्यात आली. सुमारे ९७ हजार नमुन्यांत १३.३ टक्के बाळे वाहक आणि ०.७ टक्के रुग्ण आढळली. काही जिल्ह्यांत वाहकांचे प्रमाण २० टक्क्यांच्याही वर होते, तर नैऋत्येकडे ते बरेच कमी होते. बाळाला नव्याने टोचावे न लागता देशाचा नकाशा तयार झाला, याचे मला फार अप्रूप वाटते.

आपल्याकडे नागपूर परिसरातील सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ सालीच प्रसिद्ध झाली होती. तरीही माझ्या भाच्याचे निदान व्हायला त्याला पाचवे वर्ष लागावे लागले, कारण तोवर एका डॉक्टरांनी ‘अंगात रक्त कमी आहे’ एवढेच सांगून लोहाचे टॉनिक चालू ठेवले होते.

उपचारांबाबत हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरील औषधाचा उल्लेख करायलाच हवा. हे औषध जुने आहे, पण मलेरियाच्या प्रदेशात त्याने प्रतिकारशक्ती घटून ताप वाढेल अशी धास्ती होती. अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडातील एमबाले येथील मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर झाले आणि ती धास्ती निराधार ठरली: वेदनेचे झटके आणि मलेरिया दोन्ही सुमारे निम्म्यावर आले, रक्त चढवण्याची गरज तर त्याहूनही घटली आणि मृत्यूही कमी झाले. युगांडात २००१ पासून सरकारी केंद्रांत शुल्क नाही. पण केंद्राच्या फळीवर औषधच नसेल तर ते बाहेरून विकत घ्यावे लागते, आणि ही व्यथा विदर्भातल्या वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको.

परवा हे सारे मी ताईला सांगितले. ती भाच्याच्या कॅप्सूल मोजून डबीत भरत होती. तिने मान वर न करता एवढेच विचारले, “ठिपका तपासला, ते ठीक, पण त्याचा निरोप त्या आईपर्यंत किती दिवसांनी जातो रे? आपला रिपोर्ट तीन आठवडे फायलीतच पडून होता.”